वहिनींची कंबर

जिन्यात विचारलेल्या प्रश्नांना खरी उत्तरं द्यायची नसतात, हे वहिनींना पुरतं ठाऊक होतं. त्यांचं चुकलं ते एवढंच, की त्यांनी दिलेलं खोटं उत्तर फारच चांगलं निघालं.

प्रश्न समोरच्या काकांचा होता. काका म्हणजे वहिनींच्या दारासमोरच्या दारात राहणारे निवृत्त कंपाउंडर. नोकरीत असताना त्यांनी दुसऱ्यांनी लिहून दिलेली औषधं बाटल्यांत भरली आणि आता निवृत्तीनंतर स्वतः उपचार सुचवण्याची राहिलेली हौस ते सवडीने भागवून घेत होते. दर मंगळवारी आणि शुक्रवारी वहिनी ऑफिसातून येतात, चहा उभ्याउभ्या घशाखाली ढकलतात आणि एक कापडी पिशवी घेऊन पुन्हा बाहेर पडतात, आणि त्या पिशवीतून बारीक छुमछुम ऐकू येते, ही गोष्ट अशा माणसाच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं.

"काय वहिनी, आज पण स्वारी निघाली? कुठे म्हणायचं?"

खरं उत्तर असं होतं: बसस्टॉपपलीकडे रंगाचं दुकान आहे, त्याच्या वरच्या खोलीत, बेली डान्स शिकायला. पिशवीत आहे तो नाण्यांचा पट्टा. तो कमरेला बांधतात आणि कंबर हलली की तो वाजतो. आता हे वाक्य, हातात कचऱ्याची बादली घेऊन उभ्या असलेल्या शेजाऱ्याला, जिन्यात, दिवसाउजेडी ज्यांना सांगता येईल त्यांनी खुशाल सांगावं. वहिनींचं वय पंचेचाळिशीच्या पुढे. पाणीपुरवठा खात्यात चुकलेल्या बिलांच्या तक्रारी घेणाऱ्या खिडकीमागे त्या उभ्या असतात, आणि तिथे आवाज चढवून आलेला माणूस त्यांचा चेहरा पाहून आवाज खाली आणतो. असा चेहरा कमवायला वर्षं जातात आणि घालवायला एक शब्द पुरतो.

"उपचारांना," वहिनी म्हणाल्या. "कमरेच्या."

तसं हे साफ खोटंही नव्हतं. गेल्या वर्षी कंबर धरली होती तेव्हा नेहमीच्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं, की कंबर हलवत राहा. कशी हलवायची ते त्यांनी सांगितलं नव्हतं. वहिनींनी आपल्या परीने सोय शोधली, आणि खरं सांगायचं तर दुखणं दोन महिन्यांतच पळालं. वहिनी मात्र तिथून पळाल्या नाहीत.

त्याला कारण होतं. त्या खोलीत एका भिंतीला भलामोठा आरसा होता आणि शिकवणारी मिस वहिनींपेक्षा निम्म्या वयाची होती. पहिल्या दिवशी वहिनी सगळ्यात मागे, खांबाआड उभ्या राहिल्या होत्या. मिसने त्यांना ओढून पुढे आणलं आणि वर्गातल्या काडीसारख्या मुलींना म्हणाली, "या ताईंकडे बघा. यांच्याकडे हलवायला काहीतरी आहे." वहिनींनी आजवर ते पोट कुणी दुसऱ्याने सांभाळायला ठेवलेल्या सामानासारखं वागवलं होतं. फोटोत पर्स पुढे धरायची, बसल्यावर मांडीवर उशी घ्यायची. जगात अशी एक खोली आहे जिथे हेच पोट कामाचं ठरतं, हे कळल्यावर कोणती बाई तिथे जायचं थांबवेल?

आणि तो नाच सोपाही नव्हता. त्यात छातीच्या वर सगळं स्थिर ठेवायचं असतं, खांदे नाहीत, मान नाही, काही हलायचं नाही, आणि खाली कंबर आपल्या मर्जीने चालायची. कधी गोल फिरायची, कधी नुसती थरथरायची. हे वहिनींना इतक्या लवकर साधलं की मिस चकित झाली. वहिनींना नवल वाटलं नाही. खिडकीमागे उभं राहून, वरचा चेहरा दगडासारखा ठेवून, खाली एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत दिवस काढणाऱ्या बाईला यात नवीन ते काय?

तर जिन्यात वहिनी "कमरेच्या" म्हणाल्या आणि निघून गेल्या. परत आल्या तेव्हा घरात काका बसलेले होते.

वहिनींचे यजमान समोर चिंताक्रांत चेहऱ्याने बसले होते. "अगं, एवढं दुखत होतं तर मला सांगायचं नाही?" ते म्हणाले. यजमान तसे भले गृहस्थ. विमा कंपनीत नोकरीला असल्यामुळे माणसाला काय काय होऊ शकतं याची त्यांना इतरांपेक्षा जास्त कल्पना होती, आणि रात्रीच्या जेवणापर्यंत ती सगळी कल्पना त्यांनी वहिनींच्या कमरेवर खर्च केली. काकांनी त्यांना सांगितलं होतं की मऊ गादी हा मणक्याचा शत्रू आहे. दुसऱ्याच दिवशी सुताराने येऊन वहिनींच्या बाजूची गादी उचलली आणि तिथे फळी ठोकून दिली. यजमान स्वतः गादीवरच राहिले, कारण त्यांच्या कमरेला काही झालेलं नव्हतं.

हे सगळं वहिनींनी हसण्यावारी नेलं असतं. पण सासूबाईंनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला, तेव्हा त्यांना हसू येईना.

सासूबाई शाळेत कवायतीच्या बाई होत्या. मैदानाच्या या टोकाला त्यांनी शिट्टी फुंकली की त्या टोकाच्या मुलींच्या पाठी ताठ व्हायच्या, असं त्यांच्या विद्यार्थिनी अजून सांगत. घरात शिट्टी नव्हती, पण तिची गरजही नव्हती. वहिनी लग्न होऊन आल्यापासून त्या बाईंना काही करून दाखवावं आणि त्यांनी ते पाहून मान डोलवावी, एवढी एकच इच्छा मनात धरून होत्या. स्वयंपाक सासूबाईंचा जास्त चांगला, शिवण त्यांचं जास्त नीट, हिशोब त्यांचे तोंडी. वहिनींना दाखवण्यासारखं काही सापडतच नव्हतं. आता सापडलं होतं, तर ते सांगायची सोय नव्हती. आणि त्या सासूबाई, स्वतःचा उजवा गुडघा कुरकुरत असताना, ओट्यापाशी उभ्या राहून म्हणाल्या, "तू कंबर सांभाळ. भाजी मी चिरते."

"अहो आई, मी करते ना. एवढं काही नाही."

"एवढं काही नसतं तर उपचारांना कशाला गेली असतीस?"

वहिनी फळीवर जाऊन पडल्या आणि आतून येणारा विळीचा आवाज ऐकत राहिल्या. खोटं बोलण्याचा त्रास तसा किरकोळ असतो. पुढे लोक प्रेमाने वागायला लागतात, तो त्रास खरा.

इमारतीला लिफ्ट नव्हती. काकांनी रहिवाशांच्या बैठकीत वहिनींचा विषय काढला आणि एकमताने असं ठरलं, की प्रत्येक मजल्याच्या वळणावर वहिनींना टेकायला एकेक खुर्ची ठेवावी. खुर्च्या लोकांनी आपापल्या घरून दिल्या. एकीला तर पाठीला उशीसुद्धा बांधलेली होती. आता लोकांनी इतक्या अगत्याने खुर्च्या ठेवल्यावर त्यावर न बसता तरातरा खाली उतरणं म्हणजे कृतघ्नपणाच झाला असता. त्यामुळे नाचाच्या वर्गाला जाताना वहिनी प्रत्येक वळणावर बसत, एक सुस्कारा सोडत, उठत, आणि फाटकाबाहेर पडून कोपरा वळला की पळत सुटत. वर्गात पोहोचेपर्यंत अंग चांगलं गरम झालेलं असे. मिस म्हणाली, की इतर बायकांनीही ताईंसारखं आधी धावून यावं.

लंगडण्याचं मात्र वहिनींना शेवटपर्यंत जमलं नाही. मन साधं असलं की असल्या गोष्टी लक्षात राहत नाहीत. सोमवारी त्या डावा पाय ओढत, बुधवारी उजवा. काकांनी आठवडाभर बारकाईने निरीक्षण केलं आणि यजमानांना बाजूला घेऊन हलक्या आवाजात सांगितलं, "दुखणं फिरतंय. फिरतं दुखणं चांगलं नसतं."

त्या रात्री यजमान जेवले नाहीत. वहिनींना भूक कडकडून लागली होती, कारण संध्याकाळभर नाचल्या होत्या. पण नवरा उपाशी बसलेला असताना दुसऱ्यांदा वाढून घ्यायचा धीर त्यांना झाला नाही.

निदान ऑफिस तरी या सगळ्यापासून दूर होतं. तिथली खिडकी म्हणजे वहिनींचं माहेरच. छातीपर्यंत उंच ओटा, वर काच, काचेला बोलण्यापुरतं भोक. तक्रार करणाऱ्याला वहिनी दिसायच्या त्या छातीपासून वर. त्याच्या खालच्या भागात काय चाललंय याच्याशी जनतेचा काही संबंध नव्हता. गेले काही महिने खाली सराव चालला होता. माणूस म्हणायचा, आमच्या घरी दोनच माणसं आहेत, एवढं पाणी आम्ही पिऊन पिऊन किती पिणार, आणि वहिनी वरून निर्विकारपणे मीटरचा आकडा विचारत असताना खाली गुडघे झरझर चालवून कंबर थरथरवत असायच्या. कितीतरी लोकांनी त्या काळात नमूद केलं, की बिलात फरक पडला नाही, पण बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

फक्त खिडकीला पुढून काच असली तरी मागून काही नव्हतं, हे वहिनी विसरल्या. एके दिवशी साहेब फाइल न्यायला मागून आले आणि दारातच थबकले. बराच वेळ ते तिथे उभे होते. तक्रारदार गेल्यावर हळूच जवळ आले.

"मॅडम, हे थरथरणं कधीपासून आहे?"

वहिनींची कंबर जागच्या जागी गोठली. "ते... कमरेचं जरा आहे, सर. उपचार चालू आहेत."

"आणि तशाच अवस्थेत तुम्ही लोकांशी बोलता?" साहेबांनी जवळची खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. साहेब मनाने चांगले होते. या गोष्टीत वाईट माणूस एकही नाही, आणि घोटाळा तिथेच आहे. दुसऱ्या दिवशी वहिनींची खिडकीवरून बदली झाली. हलकं काम म्हणून त्यांना जुन्या नोंदींच्या खोलीत बसवण्यात आलं. तिथे एक खुर्ची, एक टेबल आणि भिंतभर गठ्ठे. दिवसभर बसून राहायचं आणि कुणी जुना गठ्ठा मागितला तर शिपायाला दाखवायचा, कारण उचलायला वहिनींना मनाई होती. तसं कुणी मागत नसे.

आठवड्याभरात वहिनी साहेबांकडे गेल्या. म्हणाल्या, "सर, मला आता बरं वाटतंय. मला खिडकी परत द्या."

साहेबांनी नियम काढून पाहिले. आजारी पडल्यावर हलकं काम द्यायची तरतूद होती. बरं झाल्यावर परत घ्यायची तरतूद कुणी केलीच नव्हती, कारण आजवर हलकं काम मिळालेल्यांपैकी कुणीही बरं झालेलं नव्हतं. साहेबांनी वरच्या कार्यालयाकडे विचारणा केली. वरच्या कार्यालयाने उलट विचारलं, की बरं वाटणं हे या आजाराचंच एक लक्षण तर नाही ना?

अशा रीतीने वहिनी दिवसा खुर्चीवर आणि रात्री फळीवर ताठ व्हायला लागल्या. मंगळवार आणि शुक्रवारची ती एक खोली काय ती मोकळी राहिली होती. आणि त्याच सुमारास मिसने जाहीर केलं, की वर्षअखेरीच्या कार्यक्रमात शेवटचा नाच ताई एकट्या करणार.

एकट्या, म्हणजे रंगमंचावर दुसरं कुणी नाही. वहिनींनी ते ऐकलं आणि त्यांच्या मनात पहिली गोष्ट आली ती अशी, की पुढच्या रांगेत सासूबाई बसलेल्या असाव्यात. यजमान आले तर आनंदच आहे, काका आले तरी हरकत नाही, हसायचं त्यांनी हसून घ्यावं. पण कवायतीच्या बाईंनी समोर बसून ते पाहिलं पाहिजे. एवढ्यासाठी वहिनी सगळं खरं सांगायला तयार झाल्या. आता सांगायचं म्हणजे सांगायचंच, असं ठरवून त्या घरी गेल्या.

सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

"आई, एक सांगायचं होतं."

सासूबाईंनी हातातली घडी खाली ठेवली. पूर्ण ठेवली, आणि वळून बसल्या. "सांग," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा त्या वेळी कसा होता, हे वहिनींना पुढे पुष्कळदा आठवलं.

तेवढ्यात बेल वाजली. काका शेकायला वीट घेऊन आले होते. वीट फडक्यात गुंडाळून कशी तापवायची, किती तापवायची आणि किती तापवल्यावर फडकं पेटतं, हे सगळं त्यांनी स्वानुभवाने समजावलं. ते जाईपर्यंत घड्या घालून झाल्या होत्या आणि वहिनींचं अवसान गळालं होतं.

"काय सांगत होतीस?"

"काही नाही. म्हटलं, तुमच्या गुडघ्याला त्रास होतो. मी उपचार बंद करते, म्हणजे संध्याकाळचं मला बघता येईल."

"बंद करू नकोस," सासूबाई पटकन म्हणाल्या. "काही झालं तरी बंद करू नकोस. संध्याकाळचं मी बघते आहे."

वहिनींना इतकी लाज वाटली की त्या बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडल्या. म्हातारी बाई आपल्या खोट्या कमरेसाठी खरा गुडघा झिजवते आहे, असं त्यांना वाटलं. त्यातलं अर्धंच खरं होतं, पण ते त्यांना फार उशिरा कळायचं होतं.

कार्यक्रम रविवारी दुपारी होता. शनिवारी यजमान ऑफिसातून आले ते हसतच. काकांच्या ओळखीने हाडांच्या एका फार मोठ्या डॉक्टरांची वेळ मिळाली होती. हे डॉक्टर महिन्यातून एकदाच शहरात येत आणि त्यांची वेळ मिळवायला लोक वशिले लावत. काका दवाखान्याच्या बाकावर दोन सकाळी बसून होते म्हणे.

"कधीची वेळ आहे?" वहिनींनी विचारलं, आणि विचारतानाच त्यांना उत्तर कळलं.

"उद्या. दुपारी."

वहिनींनी नको म्हणून पाहिलं. यजमानांचा चेहरा पडला. "अगं, मी महिनाभर नीट झोपलेलो नाही," ते म्हणाले. फळीवर वहिनी झोपत होत्या आणि झोप यजमानांची उडाली होती. या माणसाला आता सांगायचं, की ज्या दुखण्यासाठी तू झुरलास ते दुखणं नाहीच? सांगायला हवं होतं. तेव्हाच, तिथेच सांगायला हवं होतं. वहिनी आजही एकट्या असल्या की त्या शनिवारपाशी येऊन थांबतात. पण त्या वेळी त्या म्हणाल्या, "बरं. जाऊ." मग गॅलरीत जाऊन मिसला फोन केला आणि तिलासुद्धा तेच सांगितलं, की कंबर धरली आहे. मिस हळहळली. म्हणाली, दातांच्या दवाखान्यात काम करणारी ती बारीक मुलगी आहे ना, तिला तुमचा नाच येतो, तिला उभी करते.

रविवारी निघायच्या वेळी सासूबाई खोलीतून बाहेर आल्या त्या ठेवणीतले कपडे घालून. केस नीट बांधलेले, मोत्यांची कुडी कानात.

"आई, आपण दवाखान्यात चाललोय," यजमान हसून म्हणाले.

"माहीत आहे." त्यांनी वहिनींकडे पाहिलं. "नक्की तिकडेच जायचंय ना?"

"हो," वहिनी म्हणाल्या.

डॉक्टरांच्या खोलीत यजमान, सासूबाई आणि बरोबर आलेले काका असे सगळेच शिरले. भिंतीवर घड्याळ होतं. कार्यक्रम सुरू झालेला होता. आता पहिला नाच संपला असेल, आता पाणी पीत असतील, असा हिशोब वहिनींच्या मनात चालला होता आणि कानात ते संगीत वाजत होतं. डॉक्टर म्हणाले वाका, तेव्हा दुखल्यासारखं करायचं वहिनींच्या ध्यानातच राहिलं नाही. त्या वाकल्या आणि तळहात जमिनीला टेकले. डॉक्टर म्हणाले मागे वाका. वहिनी मागे वाकल्या, इतक्या की त्यांना मागच्या भिंतीवरचा सांगाड्याचा तक्ता उलटा दिसला.

"आता उभ्या राहा, आणि कंबर फिरवा बघू."

हे डॉक्टरांनी म्हणायला नको होतं. वहिनींनी कंबर फिरवली. खांदे जागचे हलले नाहीत, मान हलली नाही, आणि खाली कमरेने एक मोठा, संथ, पूर्ण गोल काढला. काकांनी चष्मा काढून पुसला.

"तुम्ही काय करता हो?" डॉक्टरांनी विचारलं. "म्हणजे व्यायाम, खेळ, काही?"

सासूबाई खुर्चीत पुढे सरकल्या. त्या डॉक्टरांकडे पाहत नव्हत्या, वहिनींकडे पाहत होत्या.

"काही नाही," वहिनी म्हणाल्या. "घरचंच काम. आणि ऑफिस."

सासूबाई पुन्हा मागे टेकून बसल्या.

डॉक्टरांनी यजमानांना गंभीरपणे समजावलं. व्यायाम करत नसताना या वयात कंबर इतकी सैल असणं बरोबर नाही. सांध्यांनी धरून ठेवायचं सोडलं आहे. आजच लक्ष दिलं नाही तर पुढे काहीही होऊ शकतं. यावर उपाय म्हणजे कडक पट्टा. छातीखालपासून मांडीपर्यंत, पोलादी पट्ट्या घातलेला. महिनाभर दिवसरात्र बांधायचा, हालचाल कमीत कमी.

"मी म्हटलंच होतं," काका म्हणाले.

पट्टा तिथल्या तिथे आवळण्यात आला. काका आणि यजमान दोन बाजूंनी ओढत होते. आठ महिने घाम गाळून मोकळी केलेली कंबर त्यात कोंबताना वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि सगळ्यांना वाटलं की दुखतंय. संध्याकाळी मिसने कार्यक्रमाचा व्हिडिओ पाठवला. दातांच्या दवाखान्यातल्या मुलीने सगळ्या स्टेप्स अगदी बरोबर घेतल्या होत्या. लोकांनी टाळ्याही चांगल्या वाजवल्या. पण मधल्या थरथरीच्या जागी तिच्याकडे हलवायला काहीच नव्हतं, आणि तेवढा तुकडा वहिनींनी पुन्हा पुन्हा पाहिला. मग व्हिडिओ पुसून टाकला.

महिना कसा गेला ते सांगण्यात अर्थ नाही. रात्री फळी, दिवसा खुर्ची, आणि दोन्हीकडे पट्टा. वर्ग अर्थातच बंद झाला. घरी सासूबाई सगळं पूर्वीसारखंच करत होत्या, स्वयंपाक, कपडे, सगळं. फक्त बोलणं कमी झालं होतं. जेवण झालं का, गोळी घेतली का, एवढंच.

पट्टा सुटला त्या दिवशी यजमान कामावर होते. काका दाढ काढायला गेले होते. घरात सासू आणि सून दोघीच. सासूबाईंनीच पट्ट्याचे बंद एकेक करून सोडले, तो गुंडाळून कपाटावर ठेवला आणि पलंगाच्या कडेला बसल्या.

"मी आले होते तिथे," त्या म्हणाल्या.

"कुठे, आई?"

"रंगाच्या दुकानावर. काकांनी घरी येऊन सांगितलं, त्याच आठवड्यात. तुझे उपचार चाललेत म्हटल्यावर गरम पाण्याची पिशवी घेऊन आले होते मागोमाग. जिना चढले आणि दारातल्या काचेतून पाहिलं."

वहिनी पलंगाच्या दुसऱ्या कडेला बसल्या.

"तू पाठमोरी होतीस. सगळ्या हलत होत्या, खांद्यांसकट. तुझे खांदे एकदाही हलले नाहीत." सासूबाई समोरच्या भिंतीकडे पाहत बोलत होत्या. "मी सगळी नोकरी मुलींना सांगण्यात घालवली, खांदे हलवू नका म्हणून. एकीलाही इतकं साधलं नाही. मी बराच वेळ उभी होते. पिशवीतलं पाणी गार झालं, मग आले परत."

"तुम्ही बोलला नाहीत काही."

"म्हटलं, तुला सांगायचं असेल तेव्हा सांगशील. तुला वेळेवर निघता यावं म्हणून तर स्वयंपाक घेतला ना हातात. कार्यक्रमाची पाटी दुकानाच्या शटरवर लागली होती, ती पण वाचली मी. त्या दिवशी तयार होऊन बसले होते. मला वाटलं, निदान दारापर्यंत जाऊन तरी सांगशील. मग वाटलं, डॉक्टरांनी विचारल्यावर सांगशील." त्या वहिनींकडे वळल्या. "पाठमोरं पाहिलंय फक्त. समोरून पाहायचं राहिलं. आता घरात कुणी नाही. दाखव."

वहिनी उठल्या. इतक्या दिवसांत इतका आनंद त्यांना झाला नव्हता. कपाटातून त्यांनी कापडी पिशवी काढली, घरच्या गाऊनवरच नाण्यांचा पट्टा बांधला आणि पडदे लावून खोलीच्या मधोमध सासूबाईंसमोर उभ्या राहिल्या. संगीत लावलं नाही. हात वर घेतले. खांदे स्थिर केले. आणि कंबर पहिल्या गोलात सोडली.

अर्ध्यावर ती धरली. महिनाभर फळी, खुर्ची आणि पोलाद यांनी जे करायचं ते केलं होतं. पाठीतून एक कळ अशी आली, की वहिनींना श्वास घेता येईना. हात वरचे वरच राहिले.

सासूबाई थोडा वेळ वाट पाहत बसल्या.

"आई ग," वहिनी म्हणाल्या. "आई, कंबर धरली."

सासूबाईंचा चेहरा हळूहळू बंद झाला.

"माझ्यासमोर तरी नको गं," त्या म्हणाल्या. "आता तर मला माहीत आहे."

"खरंच धरली, आई. देवाशपथ. हलता येत नाहीये मला."

"मला नसेल दाखवायचं तर नको दाखवूस. माझी काही जबरदस्ती नाही." त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "डावीकडे दुखतंय की उजवीकडे, ते मात्र एकदा ठरव. काकांना सांगायला लागेल."

त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि विळीचा आवाज सुरू झाला. वहिनींना वळता येईना, वाकता येईना, हात खाली घेता येईनात. यजमान येईपर्यंत त्या तशाच भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि प्रत्येक श्वासाला कमरेची नाणी वाजत होती.

तेव्हापासून वहिनींची कंबर खरोखर दुखते. जिन्यातल्या खुर्च्यांवर त्या आता गरज म्हणून बसतात. यजमान रोज विचारतात, साहेब विचारतात, काका तर दिवसातून दोनदा विचारतात. सासूबाई भाजी चिरतात, पोळ्या करतात, रात्री तेल कोमट करून वाटीत आणून ठेवतात, पण कमरेचं कसं आहे, हे त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.